‘१५.०८.४७’ : तारीख की वेळ?

‘०४/०५/२०२५’ ही अक्षरमाला पुण्यातल्या वाचकाला ४ मे वाटते आणि शिकागोतल्या वाचकाला ५ एप्रिल. दोघांपैकी कोणीच चुकत नाही, कारण भारतात दिवस आधी लिहिण्याची रूढी आहे आणि अमेरिकेत महिना आधी लिहिण्याची. दिवसाचा आकडा बाराच्या पुढे असेल तर प्रश्न आपोआप सुटतो. परंतु दिवस आणि महिना दोन्ही एक ते बारा यांच्या दरम्यान असलेल्या १४४ तारखा दरवर्षी येतात, आणि त्यांतून दोन्ही आकडे सारखे असलेल्या बारा वगळल्या तरी १३२ तारखा अशा उरतात की ज्यांचा उलगडा नुसत्या आकड्यांवरून होऊ शकत नाही. माणूस अशा वेळी पत्र कोठून आले, आधीच्या ओळीत काय लिहिले आहे, सध्या कोणता महिना चालू आहे याचा अंदाज घेतो. संगणकापुढे मात्र आठ अंक आणि दोन तिरप्या रेघा एवढीच सामग्री असते.

बहुतेक संगणकप्रणाली काळाची नोंद एका संख्येच्या रूपात ठेवतात. युनिक्स आणि तिच्या वंशातल्या प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद लोटले एवढेच मोजतात. माणसाने लिहिलेल्या तारखेचे या संख्येत रूपांतर करायचे तर आधी त्या अक्षरमालेतला कोणता तुकडा दिवस, कोणता महिना, कोणता तास हे ओळखावे लागते. ओळखण्याचे हे पहिले काम ज्या यंत्रणेकडे असते तिला लेक्सिकल ॲनालायझर किंवा थोडक्यात लेक्सर म्हणतात. तारखेसारखी रोजची गोष्ट ही यंत्रणा कशी वाचते, आणि वाचताना कोठे व का फसते, हे समजून घेतले तर अर्ज, बँकेची विवरणपत्रे आणि कोष्टके यांत दिसणाऱ्या अनेक चुकीच्या तारखांचे मूळ सापडते.

तुकडे आणि नमुने

लेक्सरला अर्थ कळत नाही. त्याला फक्त रूप कळते. अक्षरांची सलग रांग डावीकडून उजवीकडे वाचत तो तिचे अर्थपूर्ण होऊ शकतील असे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर त्याच्या जातीची चिठ्ठी लावतो. चिठ्ठी लावलेल्या अशा तुकड्याला टोकन म्हणतात. सरकारी पत्रात नेहमी आढळणारा ‘दि. ०२.१०.२०२५ रोजी सायं. ५.३० वा.’ हा मजकूर घेतला, तर ‘दि.’ हे तारीख येत असल्याची सूचना देणारे टोकन, ‘०२.१०.२०२५’ हे तारखेचे, ‘रोजी’ हे तारीख संपल्याचे, ‘सायं.’ हे दिवसाच्या भागाचे, ‘५.३०’ हे वेळेचे आणि ‘वा.’ हे वेळ संपल्याचे टोकन ठरते. मधल्या मोकळ्या जागा टाकून दिल्या जातात.

कोणत्या तुकड्याला कोणती चिठ्ठी लावायची हे प्रोग्रामर आधी नमुन्यांच्या रूपात लिहून ठेवतो. या नमुन्यांच्या लेखनपद्धतीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्यात तीनच मूळ क्रिया आहेत : एकामागून एक येणे, अनेकांपैकी एक निवडणे आणि पुन्हापुन्हा येणे. दिवसाचा नमुना या भाषेत असा सांगता येतो : एक ते नऊपैकी कोणताही अंक, त्याच्या आधी हवे तर शून्य; किंवा १ अथवा २ आणि त्यापुढे कोणताही अंक; किंवा ३ आणि त्यापुढे ० अथवा १. महिन्याचा नमुना याहून सोपा आहे, कारण त्यात बारापर्यंतच जायचे असते. असे लहान नमुने तयार झाले, की ‘दिवस, ठिपका, महिना, ठिपका, चार अंक’ असा संपूर्ण तारखेचा मोठा नमुना त्यांतूनच जुळवता येतो.

या पद्धतीचे मूळ संगणकाच्या व्यवहारात नाही. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रारूप मांडले होते, आणि अशी जाळी कोणत्या घटनामाला ओळखू शकतील याचा शोध घेताना स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास या तीन क्रियांची मांडणी केली. ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिचा उपयोग मजकुरात शब्द शोधण्यासाठी करून दाखवला. पुढे बेल लॅबोरेटरीज या संस्थेत माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ मध्ये ‘लेक्स’ हा प्रोग्राम तयार केला, ज्याला नमुन्यांची यादी दिली की तो त्या यादीनुसार वाचणारा लेक्सर स्वतःच लिहून देतो. तेव्हापासून लेक्सर हाताने लिहिणे ही गरज न राहता निवड झाली.

एकाच वेळी सगळे नमुने

तारखेचे नमुने शेकडो असू शकतात. प्रत्येक नमुना एकेक करून लावून पाहायचा म्हटले तर फार वेळ जाईल, शिवाय एकाच मजकुराची पुन्हापुन्हा सुरुवात करावी लागेल. हे टाळण्यासाठी सर्व नमुने मिळून एकच यंत्र बनवले जाते, ज्याला फायनाइट ऑटोमेटन म्हणजे मर्यादित अवस्थांचे यंत्र म्हणतात. त्याची चाल सापशिडीसारखी असते : सोंगटी ज्या घरात उभी आहे ते घर आणि आता पडलेले दान, एवढ्या दोनच गोष्टींवर पुढचे घर ठरते, सोंगटी त्या घरात कोणत्या वाटेने आली याची पटाला फिकीर नसते. येथे घर म्हणजे यंत्राची अवस्था आणि दान म्हणजे पुढचे अक्षर. काही घरांवर ‘येथपर्यंतचा मजकूर अमुक नमुन्यात बसतो’ अशी खूण केलेली असते. त्यांना स्वीकाराच्या अवस्था म्हणतात.

एकाच घरात अनेक शक्यता सामावून घेण्याची युक्ती मायकेल राबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ मधल्या एका निबंधात सिद्ध केली. ‘आतापर्यंतच्या अक्षरांवरून जेवढे नमुने अजून शक्य आहेत’ त्या सर्वांच्या संचालाच एक अवस्था मानायचे, ही ती युक्ती. तिच्यामुळे नमुने दहा असोत वा पाचशे, यंत्र प्रत्येक अक्षरासाठी एकच पाऊल टाकते. या आणि अशाच मूलभूत कामासाठी दोघांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

‘२०२५-१०-०२टी१७:३०’ ही आंतरराष्ट्रीय पद्धतीची अक्षरमाला घेऊन यंत्राची चाल जवळून पाहता येते. (मधले ‘टी’ हे रोमन अक्षर तारीख आणि वेळ यांना जोडते.) पहिला अंक २ वाचल्यावर तो दिवस, महिना, तास किंवा वर्षाची सुरुवात यांपैकी काहीही असू शकतो. पुढचा ० आल्यावर महिना बाद होतो, कारण विसावा महिना नसतो. दिवस, तास आणि वर्ष अजून शर्यतीत राहतात. ‘२०२५’ पूर्ण झाल्यावर यंत्र स्वीकाराच्या अवस्थेत पोचते, पण येथेही दोन दावेदार उभे असतात : सन २०२५ आणि रात्रीचे २० वाजून २५ मिनिटे. त्यानंतरची आडवी रेघ वर्षाच्या बाजूने कौल देते, तरी काही प्रणालींत ती वेळेला जोडलेल्या, जागतिक वेळेपासूनच्या ऋण फरकाचीही असू शकते. ‘-१०-’ पर्यंत पोचल्यावर मात्र दुसरी कोणतीही शक्यता उरत नाही, आणि ‘०२’ वाचून झाल्यावर पूर्ण तारीख हाती येते.

यंत्र तेथे थांबत नाही. लेक्सरचा पहिला नियम असा, की जुळणी शक्य तेवढी लांब घ्यायची. म्हणून ते ‘टी’ वाचते, ‘१७’ वाचते आणि पुढे जाता येईल तेथवर जाते. ‘टी’नंतर अंकाऐवजी दुसरेच काही आले असते, तर यंत्राने लक्षात ठेवलेल्या शेवटच्या स्वीकाराच्या जागेवर, म्हणजे ‘०२’ नंतर, माघार घेतली असती आणि ‘टी’पासून नवे टोकन शोधायला सुरुवात केली असती. सर्वांत लांब जुळणीचा हा नियम नसता, तर सप्टेंबरचे चार अक्षरी इंग्रजी संक्षिप्त रूप वाचताना यंत्र तीन अक्षरांवरच समाधान मानून चौथे अक्षर वाऱ्यावर सोडून देते.

दोन नमुन्यांची जुळणी एकाच लांबीची झाली तर काय, याला उत्तर देणारा दुसरा नियम असा, की यादीत जो नमुना आधी लिहिला आहे तो जिंकतो. हा नियम दिसायला निरुपद्रवी आहे. तारखांच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त नुकसान याच नियमातून होते.

दोन घराणी

मोकळेपणाने लिहिलेल्या तारखा वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन घराणी ठळकपणे दिसतात. पहिल्याचा उगम स्टीव्हन बेलोविन यांनी चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात असताना लिहिलेल्या ‘गेटडेट’ या प्रोग्रामात आहे. रिच साल्झ आणि जिम बेरेट्स यांनी ऑगस्ट १९९० मध्ये त्याची आमूलाग्र फेररचना केली आणि ग्नू प्रकल्पाच्या ‘डेट’ या आज्ञेत त्याचे वंशज आजही काम करतात. या पद्धतीत लेक्सर फार लहान टोकने देतो : संख्या, महिन्याचे नाव, वाराचे नाव, ‘उद्या’ किंवा ‘पुढील’ अशा अर्थाचे शब्द. त्यांची जुळणी करून तारीख बनवण्याचे काम पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे व्याकरणाच्या नियमांनी चालणाऱ्या पार्सरकडे सोपवलेले असते. सुटी संख्या आली तर तिचा अर्थ आधी काय येऊन गेले यावर ठरतो : तारीख आणि वेळ दोन्ही येऊन गेली असतील तर ती संख्या वर्ष मानली जाते, वेळ अजून यायची असेल आणि संख्या चार अंकी असेल तर पहिले दोन अंक तास आणि उरलेले मिनिटे. या घराण्यात एक लहान पण बोधक उणीव राहिली आहे. ‘पहिला’, ‘तिसरा’, ‘चौथा’ या अर्थाचे इंग्रजी क्रमवाचक शब्द त्याला कळतात, पण ‘दुसरा’ या अर्थाचा कळत नाही, कारण तोच इंग्रजी शब्द सेकंद या एककासाठी आधीच दिलेला आहे आणि एका रूपाला एकच चिठ्ठी लावता येते.

दुसऱ्या घराण्याचे उदाहरण म्हणजे डेरिक रेथान्स यांनी लिहिलेले ‘टाइमलिब’. पीएचपी या संगणकभाषेतल्या ‘स्ट्रटूटाइम’ या आज्ञेमागे २००५ पासून तेच काम करते. येथे लेक्सर तयार करण्यासाठी ‘आरई-टू-सी’ हे साधन वापरले आहे, जे पीटर बम्बुलिस यांनी १९९३ च्या सुमारास विकसित केले. लेक्स हे साधन अवस्थांचे तक्ते तयार करते आणि एक सामाईक यंत्र ते तक्ते वाचत चालते. आरई-टू-सी तक्त्यांऐवजी थेट तुलना आणि उड्या यांचा प्रोग्राम लिहून देते, त्यामुळे वाचन वेगाने होते. टाइमलिबमध्ये टोकने लहान नसतात; संपूर्ण तारीख हेच एक टोकन असते. नमुना जुळला, की त्या तुकड्यात पुन्हा शिरून अंक नसलेली चिन्हे ओलांडत पहिली संख्या, दुसरी संख्या, तिसरी संख्या अशा उचलल्या जातात आणि नमुन्यानुसार त्या दिवस, महिना, वर्ष यांच्या खात्यात टाकल्या जातात.

लेक्सरवर एवढी जबाबदारी टाकण्याचा लाभ असा, की चिन्हांच्या फरकावरूनही क्रम ठरवता येतो. तिरप्या रेघा असतील तर अमेरिकी क्रम, म्हणजे महिना आधी. आडव्या रेघा असतील आणि वर्ष शेवटी असेल तर दिवस आधी, असा या आज्ञेचा जाहीर नियम आहे. त्यामुळे भारतीय पद्धतीने लिहिलेली ‘१३/०५/२०२५’ ही तारीख तिला मुळीच वाचता येत नाही आणि ती नकार देते. परंतु ‘१२/०५/२०२५’ ही ती विनातक्रार ५ डिसेंबर म्हणून स्वीकारते. नकार मिळाल्यावर चूक लगेच कळते. दुसऱ्या प्रकारात कोणालाच काही कळत नाही आणि चुकीची तारीख नोंदवहीत कायमची बसते, म्हणून तो प्रकार अधिक गंभीर मानला पाहिजे.

ठिपक्यांचा प्रश्न

भारतीय कार्यालयांत आणि युरोपातही ठिपके देऊन तारीख लिहिण्याची पद्धत रूढ आहे. वेळ लिहितानाही ‘५.३०’ असा ठिपकाच वापरला जातो. ‘१५.०८.१९४७’ येथे वर्षाचे चार अंक असल्याने शंका राहत नाही. वर्ष दोन अंकांत लिहून ‘१५.०८.४७’ केले, की हीच अक्षरमाला दोन नमुन्यांत सारख्याच लांबीने बसते : पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस, आणि १५ वाजून ८ मिनिटे ४७ सेकंद. लांबीचा नियम येथे निकाल देऊ शकत नाही, म्हणून अग्रक्रमाचा नियम लागू होतो, आणि टाइमलिबमध्ये वेळेला अग्रक्रम आहे. परिणामी स्वातंत्र्यदिनाऐवजी आजची दुपार मिळते.

या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत असे नमूद आहे, की ठिपके आणि दोन अंकी वर्ष असलेली तारीख फक्त ६१ ते ९९ या वर्षांसाठीच ओळखली जाते. ६१ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे कारण सरळ आहे. सेकंदाचा नमुना ०० पासून ५९ पर्यंत नसून ६० पर्यंत आहे, कारण पृथ्वीच्या परिवलनाशी घड्याळाचा मेळ राखण्यासाठी अधूनमधून एक जादा सेकंद घातला जातो आणि तो ‘२३:५९:६०’ असा लिहितात. असा शेवटचा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ रोजी घातला गेला. म्हणून ६० पर्यंतचा प्रत्येक आकडा सेकंद होऊ शकतो आणि ६१ पासून पुढे वेळेचा नमुना जुळतच नाही. खगोलशास्त्रज्ञांच्या एका जादा सेकंदामुळे एका वर्षाची तारीख लिहिता येईनाशी होते. नमुन्यांची गुंतागुंत कशी वाढत जाते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

चौकट : एकच रूप, वेगवेगळे वाचन

‘२०१०’ ही एकटी संख्या टाइमलिब २० वाजून १० मिनिटे अशी वाचते, कारण तिचे शेवटचे दोन अंक मिनिटे होऊ शकतात. ‘१९८६’ मात्र वर्ष ठरते, कारण ८६ मिनिटे नसतात. मजकुरात वेळ आधीच येऊन गेली असेल तर ‘२०१०’ सुद्धा वर्ष मानले जाते.

दोन अंकी वर्षांचे शतक ठरवतानाही एकमत नाही. पॉझिक्स या प्रमाणकानुसार ६९ ते ९९ ही विसाव्या शतकातली आणि ०० ते ६८ ही एकविसाव्या शतकातली वर्षे. पीएचपीमध्ये ही सीमा एका वर्षाने पुढे आहे. त्यामुळे ‘६९’ हे एकीकडे १९६९ आणि दुसरीकडे २०६९ होते.

रूप शुद्ध, तारीख अशक्य

‘२०२५-०२-३०’ या अक्षरमालेत लेक्सरला काहीही वावगे दिसत नाही. चार अंक, दोन अंक, दोन अंक. महिना बाराच्या आत आणि दिवस एकतीसच्या आत. तत्त्वतः प्रत्येक महिन्याचे दिवस आणि लीप वर्षाचे चार, शंभर व चारशेचे नियमसुद्धा अवस्थांच्या यंत्रात बसवता येतात, कारण चार अंकी वर्षांची संख्या मर्यादितच आहे. पण तसे केल्यास यंत्र अवाढव्य होते आणि तेच काम दोन-तीन भागाकारांत होत असताना त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून दिनदर्शिकेचा हिशेब पुढच्या टप्प्यावर ठेवला जातो. तेथेही दोन घराण्यांचे धोरण वेगळे आहे. पीएचपीची आज्ञा ३० फेब्रुवारीचे दोन दिवस पुढे ढकलून २ मार्च २०२५ हे उत्तर देते. ग्नूची ‘डेट’ आज्ञा मिळालेली संख्या पुन्हा उलट तारखेत बदलून मूळ आकड्यांशी ताडून पाहते आणि ते जुळले नाहीत तर तारीख अवैध ठरवते. दुसरे धोरण अधिक जबाबदारीचे आहे, कारण अस्तित्वात नसलेली तारीख लिहिणाऱ्याच्या मनात २ मार्च होती असे मानण्याला कोणताही आधार नाही.

काही तारखा तर केवळ विशिष्ट ठिकाणीच अशक्य असतात. सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला. ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. असे ज्ञान अक्षरांच्या रूपात नसते. त्यासाठी देशोदेशींच्या वेळेचा इतिहास नोंदवणारी स्वतंत्र कोष्टके ठेवावी लागतात आणि सतत अद्ययावत करावी लागतात.

कालविभागांच्या संक्षिप्त नावांची अडचणही याच जातीची आहे. ‘आयएसटी’ ही तीन रोमन अक्षरे भारतीय प्रमाणवेळ, इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी प्रमाणवेळ या तिन्हींसाठी वापरली जातात, आणि त्यांचे जागतिक वेळेपासूनचे अंतर अनुक्रमे साडेपाच तास, दोन तास आणि एक तास असे आहे. लेक्सर फार तर ‘हे कालविभागाचे नाव आहे’ एवढे सांगू शकतो. म्हणूनच जागतिक देवाणघेवाणीत नावाऐवजी ‘+०५:३०’ असा फरक आकड्यांत लिहिण्याचा आग्रह धरला जातो.

नको तेथे दिसणाऱ्या तारखा

तारीख ओळखण्याची तत्परता तारीख नसलेल्या मजकुरालाही भोवते. मानवी जनुकांच्या अधिकृत नावांत ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-१’ असे वाचले जाणारे रोमन संक्षेप होते. संशोधक ती नावे एक्सेलच्या कोष्टकात भरत आणि एक्सेल त्यांचे १ मार्च, १ सप्टेंबर असे तारखांत रूपांतर करून टाकत असे. या बिघाडाकडे २००४ मध्येच लक्ष वेधले गेले होते. २०१६ मधल्या एका पाहणीत असे आढळले, की जनुकांच्या याद्या एक्सेलच्या रूपात जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी मोडलेली नावे होती. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावे बदलली. विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी आणि कोष्टकाच्या प्रोग्रामने आपला अंदाज तसाच ठेवावा, हा क्रम खेदजनक आहे.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. जमिनीच्या हक्काचा ‘७/१२’ उतारा संगणकाच्या कोष्टकात नुसत्या आकड्यांत नोंदवला, की तारखेचा नमुना त्याला लगेच लागू पडतो आणि संगणकाच्या मांडणीनुसार त्याचा १२ जुलै किंवा ७ डिसेंबर होतो. घरक्रमांक आणि गट क्रमांकाचे पोटहिस्से यांचीही हीच गत होते. रकाना मजकुराचा आहे असे आधी सांगून ठेवले तर लेक्सर मध्ये पडत नाही. परंतु हे सांगण्याचा भार नोंद करणाऱ्यावर पडतो.

एकाच रूपाचा आग्रह

अंदाजाची ही सारी धडपड टाळण्यासाठी १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम आहे आणि प्रत्येक घटकाचे अंक ठरलेले आहेत. या क्रमामुळे अशा अक्षरमाला नुसत्या अकारविल्हे लावल्या तरी कालानुक्रमे लागतात. इंटरनेटसाठी २००२ मध्ये ठरवलेल्या आरएफसी ३३३९ या संहितेने याच प्रमाणकाचा एक आटोपशीर भाग निवडला. तो वाचणारा लेक्सर काही ओळींत लिहिता येतो आणि त्यात अग्रक्रमाने निकाल देण्याची वेळ येत नाही. दोन संगणकांमधल्या व्यवहारात यापेक्षा सैल रूप स्वीकारण्याचे कारण आता उरलेले नाही. माणसाकडून मजकूर घेताना मात्र त्याच्या सवयीचीच रूपे वाचावी लागणार, आणि तेथे त्या त्या भाषेचा लेक्सर हवा.

मराठी तारखेचा लेक्सर

असा लेक्सर मराठीसाठी लिहायचा झाला तर पहिली पायरी अंकांचीच आहे. इंग्रजी अंक युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत एका बाइटमध्ये मावतो, तर देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात. एकेक बाइट वाचणाऱ्या आणि फक्त इंग्रजी अंक ठाऊक असलेल्या यंत्राला ‘१५’ म्हणजे सहा अनोळखी चिन्हे वाटतात. हा भाग सोपा आहे, कारण नमुन्यात दहा अंकांची दुसरी मालिका घातली की काम भागते.

महिन्यांच्या नावांत अधिक बारकावे आहेत. ‘ऑगस्ट’मधला पहिला स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, परंतु ‘अ’ला मात्रा जोडून, किंवा ‘आ’वर चंद्र देऊन ‘आॅगस्ट’ असाही तो उमटवला जातो, आणि जुन्या फाँटांतून रूपांतरित केलेल्या मजकुरात हे शेवटचे रूप सर्रास सापडते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण यंत्राला ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरावीक प्रक्रिया त्यांना एकरूप करत नाही. म्हणून तिन्ही रूपे नमुन्यात हाताने घालावी लागतात.

मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘ऑगस्टला’, ‘ऑगस्टपासून’, ‘जुलैत’, ‘सोमवारी’, ‘सोमवारच्या’ ही सर्व रूपे ओळखायची, पण ‘मेळावा’ किंवा ‘मेहनत’ यांतला ‘मे’ हा महिना समजायचा नाही, असे दुहेरी काम येथे आहे. महिन्याच्या नावापुढे शब्द संपला पाहिजे ही अट घातली तर ‘मेमध्ये’ आणि ‘मेपासून’ सुटतात. अट काढली तर मेळावा आत येतो. यावर उपाय म्हणजे महिना आणि त्यापुढे ठरावीक प्रत्ययांपैकी एखादा, आणि मग शब्दाचा शेवट, असा नमुना लिहिणे. महिन्यांची नावे प्रत्यय लागताना फारशी बदलत नाहीत, त्यामुळे ही यादी आवाक्यात राहते.

वेळेची मराठी रूपे मात्र लेक्सर लिहिणाऱ्याला आनंद देणारी आहेत, कारण ती अत्यंत नियमबद्ध आहेत. ‘सव्वा’ आले की पुढच्या संख्येत १५ मिनिटे मिळवायची, ‘साडे’ आले की ३० मिळवायची आणि ‘पावणे’ आले की १५ वजा करायची. ‘दीड’, ‘अडीच’ आणि ‘पाऊण’ हे तीन शब्द स्वतंत्र नोंदवायचे. एकटा ‘सव्वा’ म्हणजे सव्वा एक. सर्वांत लांब जुळणीचा नियम येथे उपयोगी पडतो, कारण ‘सव्वा’ला पुढे संख्या मिळाली तर ती घेऊनच तो पूर्ण होतो आणि न मिळाल्यास एकटाच स्वीकारला जातो.

शासकीय राजपत्रात इंग्रजी तारखेसोबत राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीखही छापलेली असते. ही दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार १५ ऑगस्ट २०२५ हा ‘श्रावण २४, शके १९४७’ ठरतो. येथे ‘१९४७’ या चार अंकांचे रूप इसवी सनासारखेच आहे. ‘शके’ हा शब्द आणि त्यापुढची संख्या मिळून एकच टोकन केले, तरच अठ्ठ्याहत्तर वर्षांची चूक टळते.

दिवसाचे भाग दाखवणाऱ्या शब्दांत ‘पहाटे’, ‘सकाळी’ आणि ‘सायंकाळी’ हे सरळ आहेत. ‘रात्री’ हा शब्द तसा नाही. रात्री ९ म्हणजे २१ वाजता, पण रात्री १ म्हणजे मध्यरात्रीनंतरचा एक. म्हणजे त्याच शब्दाने कधी बारा तास मिळवायचे आणि कधी नाही, हे पुढच्या संख्येवर ठरते. तेवढे नियमात बसवता येते. ‘२ ऑक्टोबर २०२५ रोजी रात्री १ वा.’ असे लिहिले असेल तर घड्याळानुसार तो २ तारीख सुरू झाल्यावरचा पहिला तास, पण बोलण्याच्या सवयीनुसार २ तारखेचा दिवस मावळल्यानंतरची, म्हणजे ३ तारखेच्या पहाटेपूर्वीची वेळ. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाड्यांच्या तिकिटांवरून प्रवाशांची जी गफलत होते ती याच जागी. अशा मजकुरात लेक्सरने ‘रात्र’ आणि ‘एक’ ही टोकने अर्थ न लावता पुढे द्यावीत, आणि तिकीट काढणाऱ्याला पैसे भरण्याआधी वारासह दोन्ही पर्याय दाखवले जावेत : बुधवार आणि गुरुवार यांच्या मधली रात्र, की गुरुवार आणि शुक्रवार यांच्या मधली.